बारावं रीळ आधी

त्या दिवसांत बाजारात एक कुजबूज होती. काथ्यानं म्हणे थेटरच्या ऑपरेटरला फितवलं आणि अख्ख्या सिनेमातली दोन रिळं पुढंमागं करून घेतली. आणि हे कशासाठी, तर सख्ख्या थोरल्या भावाला भर थेटरात मान खाली घालावी लागावी म्हणून! सांगणारा इकडंतिकडं बघून सांगायचा, ऐकणारा "माझ्या तोंडून बाहेर जायचं नाही हं" म्हणायचा, आणि संध्याकाळच्या आत ते न्हाव्याकडं, शिंप्याकडं आणि औषधाच्या दुकानात पोचलेलं असायचं.

काथ्या म्हणजे कोच, खुर्च्या, बसगाड्यांच्या बैठका भरून शिवून देणारा कारागीर. भरायच्या काथ्याचे धागे त्याच्या केसांत, भुवयांत, अगदी मिशीतसुद्धा अडकलेले असायचे, म्हणून काथ्या. खरं नाव सांगायला त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागे. काम करताना तो वीसेक बारीक खिळे तोंडात धरायचा, जिभेनं एकेक पुढं आणायचा आणि चिमटीत धरून ठोकायचा. "यांच्या तोंडात खिळे नसते, तर हे काय काय बोलले असते कोण जाणे," असं बायको म्हणायची. गंमत अशी, की दुनियेला मऊमऊ बसवणारा हा बाबा स्वतः कधी धड बसलेला कुणी पाहिला नाही. टेकला, की उजवा पाय हलायला लागे. मग उठायचं, दारापर्यंत जायचं, रस्त्यावर उगाच नजर टाकायची, परत यायचं. वहिनी म्हणायची, "भावोजी, तुम्हाला कुणी चावी देऊन सोडलंय का हो?"

दुकान दोघा भावांचं. दादा शिलाई मशिनवर, काथ्या हातोडीवर. बावीस वर्षं एकमेकांपासून चार हातांवर काम केलं, पण आवाज चढला म्हणून शेजारच्या चहावाल्यानं कधी कान टवकारले नाहीत. लोक कौतुक करायचे. कौतुकाचं कारण विचारलं, की काथ्या तोंडातले खिळे तळहातावर घेऊन म्हणायचा, "मी त्या सिनेमाचा माणूस आहे."

सिनेमा आवडणारे लोक गल्लोगल्ली सापडतात. एखाद्या सिनेमाचा माणूस असणं वेगळं. काथ्यानं तो सिनेमा त्रेसष्ट वेळा पाहिला होता. थेटरात एकतीस दिवस, मग फिरत्या तंबूत, मग तीच रिळं शेजारच्या गावी गेली तेव्हा सायकलवर जाऊन. लग्न ठरताना त्यानं मुलीला एकच प्रश्न विचारला होता, "तो पाहिलाय का?" तिनं नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग दाखवतो." बायको अजून सांगते, "मला वाटलं, काय बाई हौशी नवरा मिळाला! दुसऱ्या आठवड्यात कळलं, मी दुसरी आहे."

गोष्ट साधी होती. दोन भाऊ. थोरल्यानं धाकट्यापासून आईची पत्रं लपवून ठेवलेली. धाकटा एक दिवस कपाटाचं कुलूप फोडतो, त्यात त्याचा अंगठा कापतो, पत्रांचा गठ्ठा हाती लागतो. तो अंगठ्याला पट्टी बांधतो, बॅग भरतो आणि चालू लागतो. लांबच लांब रस्ता, तो पाठमोरा. आणि पुढच्याच क्षणी तो थोरल्यासमोर जेवायला बसलेला! हसतोय, स्वतःच्या हातानं भावाला वाढतोय, म्हणतोय, "दादा, पोटभर जेव." इथं थेटर डोक्यावर घ्यायचं लोक. सगळं कळूनसुद्धा परतला! मग वीस वर्षं जातात, आणि म्हातारे झालेले दोघे स्टेशनवर एकमेकांच्या गळ्यात पडतात.

स्टेशनवर भेटल्यासारखं का भेटतात, एकाच घरात राहत होते ना, असं एका शाळामास्तरानं विचारलं होतं. त्याला दुकानासमोरच्या बाकावर बसवून काथ्या आणि पोस्टमन या दोघांनी दीड तास समजावलं. पोस्टमन हा त्या सिनेमाचा दुसऱ्या नंबरचा माणूस, छप्पन्न वेळा. "थोरला यात्रेहून आला असेल," पोस्टमन म्हणाला. "आणि जेवताना अंगठ्यावर पट्टी नसते, ते बघितलंत का?" काथ्या म्हणाला. "जखम भरायला पंधरा दिवस लागतात, मास्तर. पंधरा दिवस तो वणवण फिरलाय. विचार केलाय. आणि मग आलाय. सिनेमा असा बघायचा असतो."

आता यातलं न बोललेलं सांगायला हवं. सिनेमा लागला तेव्हा काथ्या अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या पाच महिने आधी त्याचे बाबा गेले. तो तेव्हा सहा तासांवरच्या गावी बसच्या बैठका भरत होता. निरोप मिळाला तो सगळं आटोपल्याचा. मग एक दिवस हॉस्पिटलातली आया खुर्ची दुरुस्तीला घेऊन आली आणि बोलून गेली, "धाकटे ना तुम्ही? बाबा दोन दिवस तुम्हालाच हाका मारत होते हो. तुमच्या दादांना तीनदा सांगितलं, बोलावून घ्या. ते म्हणाले, कळवलंय."

दादानं कळवलं नव्हतं.

काथ्यानं बॅग भरली. ती कॉटखाली तीन दिवस होती. फक्त थेटरच्या फाटक्या खुर्च्यांचं हातातलं काम संपवायचं होतं. बाल्कनीमागच्या बोळात बसून तो खुर्च्या शिवत होता, दार अर्धवट उघडं होतं, आणि तिथून त्याला तो पाठमोरा चालत गेलेला माणूस दिसला, आणि लगेच ताटावर बसलेला दिसला. काथ्याच्या तोंडातले दोन खिळे खाली पडले. त्या दिवशी त्यानं घरी जाऊन बॅग रिकामी केली, हातपाय धुतले आणि दादासमोर जेवायला बसला.

बाकी बावीस वर्षं त्याला एकच गोष्ट हवी होती. दादानं एकदा थेटरात बसून ते जेवण बघावं. म्हणजे बोलावं लागणार नाही, त्याचं त्यालाच कळेल. दर वेळी तो दोन तिकिटं काढायचा, दर वेळी दादा म्हणायचा, "मला अंधारात झोप लागते रे." दुसरं तिकीट पोस्टमनच्या पदरी पडायचं. म्हणून तर त्याचे छप्पन्न झाले!

मग थेटर पाडून नवं झालं. कारखान्यातून आलेल्या खुर्च्या, एका दांड्यावर बारा जोडलेल्या. उद्घाटनाला तोच जुना सिनेमा, मूळ प्रतीवरून धुऊनपुसून नवा केलेला, दुपारी तीनचा खेळ. जुन्या खुर्च्या केल्या म्हणून दुकानाला दोन पास आले. या वेळी वहिनीनंच दादाच्या हातात इस्त्रीचा शर्ट दिला. "जा एकदाचे. बावीस वर्षं तुमच्या नावाची तिकिटं फुकट चाललीत."

काथ्याला आदल्या दिवसापासून चैन नव्हती. एका कोचाला त्यानं पाठ उलटी ठोकली, उपसली, पुन्हा उलटीच ठोकली. थेटरात बसल्यावर पाय हलायला लागला आणि एका दांड्यावरची अख्खी रांग हलायला लागली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अहो, बोटीत बसल्यासारखं होतंय!"

"दादा, झोपलास का?"

"जागा आहे रे. बघू दे."

सिनेमा अर्ध्यापुढं गेला, आणि एकदम जेवण! कुलूप फुटलेलं नाही, पत्रं सापडलेली नाहीत, आणि हा बसलाय ताटावर. काथ्या ताडकन उभा राहिला.

"थांबवा! रीळ चुकलंय! बारावं आधी लावलंय!"

"काका, खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं. "आता रीळ कुठं असतं? कॉम्प्युटरवर चालतं!"

"कॉम्प्युटर चुकलाय मग!" हा तिसऱ्या रांगेतून पोस्टमन.

हशा झाला. दादानं काथ्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. पडद्यावर धाकटा वाढत होता, हसत होता. काथ्याची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. पट्टी नाही. जखम भरली होती असं नव्हे, जखम अजून झालेलीच नव्हती. या माणसाला काही ठाऊकच नाही, म्हणून हा हसतोय. मग कुलूप फुटलं, पत्रं निघाली, बॅग भरली गेली, लांब रस्ता आला. काथ्या श्वास धरून थांबला. पडद्यावर अक्षरं आली: वीस वर्षांनंतर.

"हा गेलाच की," दादा हळूच म्हणाला.

"गेला."

"मग तू का नाही गेलास?"

काथ्याच्या कानशिलात कुणी वाजवल्यासारखं झालं. दादा पडद्याकडंच बघत होता. "तुझी बॅग कॉटखाली पाहिली होती मी. तीन दिवस. चौथ्या दिवशी तुझे कपडे दोरीवर. मी रोज वाट बघत होतो, तू आज बोलशील, उद्या बोलशील. मशिनवर बसलो तरी कान तुझ्याकडं असायचे."

सिनेमा संपेपर्यंत रांग हलतच राहिली, पण या वेळी नुसत्या काथ्याच्या पायानं नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काथ्यानं दुकानात पाऊल टाकलं, मूठभर खिळे तोंडात घातले आणि ते सगळे थू करून हातावर घेतले. "का नाही बोलावलंस?"

"आता विचारतोस?"

"आता विचारतो! का नाही बोलावलंस मला?"

"कारण आठ महिने मी त्यांना उठवलं, बसवलं, पुसलं!" दादा मशिनवरून उठला. चहावाल्यानं शेगडी बारीक केली. "आणि शेवटी शेजारी मी बसलेला, आणि ते मलाच विचारतात, 'तो कुठंय?' दर वेळी तो कुठंय! मी म्हटलं, राहू दे. दोन दिवस तरी मी एकटाच मुलगा असू दे. मला काय माहीत, दोनच दिवस आहेत?"

"मला एकदा भेटायचं होतं रे दादा त्यांना!"

"मग भांडायचं होतंस! बॅग कसली भरतोस, मुकाट्यानं जेवतोस कसला! त्या सिनेमाचा आव आणून माझ्यासमोर बावीस वर्षं साधू बनून बसलास! तू वाढायला लागलास की घास उतरायचा नाही मला!"

"आव नव्हता! मला वाटलं, तो परततो!"

"अरे, तो परततच नाही!"

बाहेर तेवढ्यात सातआठ जण जमले होते. त्यांना ऐकू आलं ते सुटंसुटं: सिनेमा, दादा, आव, बावीस वर्षं. आदल्या दिवशी थेटरात ओरडलेलं रीळ त्यांनीच त्याला जोडलं. कुजबूज जन्माला आली ती तिथं, आणि तिला पाय फुटले ते दुपारच्या आत.

"मी जातो," काथ्या म्हणाला.

"जा. पण दातांच्या डॉक्टरचा कोच उलटा ठोकलायस, तो सरळ करून जा."

कोचाला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी काथ्या हातोडी, कात्री आणि दोन पोती काथ्या घेऊन बसस्टँडमागच्या एका खोलीत गेला. आठवड्यानं दादा तिथं हजर. म्हणे मशिनचं तेल इकडं आलंय का. तेल नव्हतं. तेवढ्यावरून दोघांचं अर्धा तास वाजलं, आणि मग बाबा शेवटी काय काय बोलले ते दादानं उभ्याउभ्या सांगितलं, काथ्यानं उभ्याउभ्या ऐकलं. आता आठवड्यातून दोनदा तरी हे भांडण होतं, आणि बायको म्हणते, "भांडण असलं की हे घरी येऊन स्वस्थ बसतात." पोस्टमन अजून मानत नाही. त्यानं थेटरला लेखी कळवलंय, की तुमचा सिनेमा चुकीचा आहे.

राहिली कुजबूज. बावीस वर्षांपूर्वी सिनेमा लागला त्या शुक्रवारी, पहिल्या खेळाला ऑपरेटरनं घाईत अकराव्या आणि बाराव्या डब्यांची झाकणं अदलाबदल करून ठेवली आणि झाकणावर अकरा आकडा बघून आतलं बारावं रीळ आधी लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थेटरमालक म्हणाला, टाळ्या पडतायत, तर राहू दे. ऑपरेटरनं दोन्ही रिळांना तशाच उलट्या आकड्यांच्या चिठ्ठ्या डकवल्या, आणि रिळं गेली तिथं तशीच गेली. काथ्या त्या ऑपरेटरशी जन्मात एकदाही बोललेला नव्हता.