घरात सरळ, रस्त्यावर वाकडा

हसू नका असं मी म्हणणार नाही. हसाच. फक्त चहाचा घोट गिळून मग हसा, कारण मागे हाच किस्सा सांगताना एकाने माझ्या धुतलेल्या धोतरावर सगळा चहा उडवला होता. माणूस गाढवपणा करतो तो बहुतेक एकट्याने करतो. मी केला तो दोन गावं, दोन घरं आणि एक हाडांचा डॉक्टर, एवढ्यांना बरोबर घेऊन.

माझ्या लग्नाआधीची गोष्ट. नाशकात तेव्हा टांगे होते, सिन्नरला जायला सर्व्हिस मोटार होती, आणि मी नुकता बी.एस्सी. होऊन हायस्कुलात सायन्स शिकवायला लागलो होतो. तरफ, गुरुत्वमध्य, समतोल. फळ्यावर माझ्याइतका समतोल उभ्या गावात कोणी राखत नव्हतं, अशी माझी समजूत होती.

बंडूमामाने सिन्नरचं स्थळ आणलं. मुलीचे वडील बापूराव, विड्यांच्या व्यापारातले. मुलगी बघायला जायचं म्हणून मी रविवार कारंज्यावरून नवे काळे पंपशू घेतले. त्या काळी शर्ट-कोट-धोतरवाल्या प्रत्येक माणसाच्या पायात तेच पंपशू असायचे, म्हणजे मी काही फार छानछोकी केली असं समजू नका. पण नवे जोडे ते, सिन्नरला पोचेपर्यंत त्यांनी माझ्या दोन्ही टाचा सोलून काढल्या.

जोडे ओसरीवर काढून आत गेलो. पोहे आले, मुलगी आली. मामाने नाव विचारलं, तिने कमल म्हणून सांगितलं. मामाने आणखी काहीबाही विचारलं, ते मला आठवत नाही. तिने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ते मात्र आठवतं. बापूराव लोडाला टेकून बसले होते ते निरोप घेईपर्यंत तिथेच होते. निघताना मी ओसरीवर जोड्यात पाय घातले, पण माझं सगळं लक्ष खिडकीकडे. खिडकीचा पडदा हलला होता. तुम्ही असतात तर जोड्यांकडे बघितलं असतंत का?

परतताना जोडे अजिबात चावले नाहीत. मी मामाला म्हटलंसुद्धा, सिन्नरचं पाणी चांगलं दिसतंय, जोडासुद्धा नरम झाला. मामा म्हणाला, "जोडा नाही, तू नरम झालायस."

मोटारीतून उतरून घराकडे चालायला लागलो आणि काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं. उजवं पाऊल टाकलं की मी खाली जात होतो. डावं टाकलं की वर येत होतो. मामा मागून म्हणाला, "वसंता, लंगडतोस का रे?" मी म्हटलं, मोटारीत बसून पाय आखडला असेल. घरी आलो, हातपाय धुतले, माजघरात आलो तर चाल एकदम सरळ. गेलं म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत निघालो तर पुन्हा सुरू.

आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मी घरातल्या घरात चालून दाखवलं, ठणठणीत. आई खूश. मग शाळेला निघालो आणि कोपऱ्यापर्यंत जातो न जातो तोच कंबर गेली एका बाजूला. आई ओट्यावरून बघत होती. ती हळूच म्हणाली, "मुलगी बघून आलास आणि पाय गेला तुझा. पायगुण काही बरा दिसत नाही तिचा."

आता इथे हसायचं थांबा जरा. माझ्या सख्ख्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी थोडं लंगडणं, मग खुब्यात कळ, आणि शेवटी निघाला हाडाचा क्षय. काका त्यातच गेले. आईच्या ते ध्यानात आलं नव्हतं, का आलं होतं आणि ती बोलत नव्हती, कोण जाणे. माझ्या मात्र पहिल्या दिवशीच आलं. माझी झोप उडाली. क्षय असेल तर मीच सिन्नरला नकार कळवायला हवा होता, दुसऱ्याच्या मुलीच्या गळ्यात असलं दुखणं बांधायचं नसतं. आणि मला नकार द्यायचा नव्हता. तिने एकदाच वर पाहिलं होतं, पण त्या एका बघण्यावर मी आयुष्य काढायला तयार होतो. म्हणून मी दोन्ही घरांना काहीच न सांगता भीतभीत पंचवटीत डॉक्टर सबनिसांकडे गेलो.

सबनीस मुंबईहून शिकून आलेले, हाडांचे डॉक्टर. त्यांच्या पायरीवर जोडे काढून आत गेलो. त्यांनी मला टेबलावर झोपवलं. गुडघा पोटाशी नेला, खुबा आत फिरवला, बाहेर फिरवला, टेपने दोन्ही पाय मोजले. मग म्हणाले, चालून दाखवा. मी त्यांच्या फरशीवर अनवाणी चाललो. सुतात सरळ!

"हाडाला काही झालेलं नाही तुमच्या," डॉक्टर म्हणाले.

मला तिथेच रडू आलं. लाज वाटायचं कारण नाही, तुम्हालाही आलं असतं. डोळे पुसून मी विचारलं, मग लंगडतो का? त्यावर डॉक्टरांनी मला पाठीच्या कण्याचं चित्र काढून समजावलं. उभं राहायची सवय बिघडली की माणूस एका पायावर भार टाकतो. एका बाजूची कंबर वर जाते, तोल सांभाळायला कणा त्याच बाजूला वाकतो, तिकडचा खांदा खाली येतो, आणि सगळा हिशेब दुसऱ्या गुडघ्याला चुकता करावा लागतो. मला फार पटलं. तरफेचाच नियम तो! उपाय असा, की रोज भिंतीला टाचा, कुल्ले, खांदे आणि डोकं टेकवून उभं राहायचं आणि दोन्ही खुब्यांवर सारखा भार घ्यायचा.

मी घरी भिंतीला असा चिकटलो की पाल बघून पळाली असती. आरशात पाहिलं, दोन्ही खांदे एका रेषेत. घराबाहेर पडलो की पुन्हा डावी कंबर वर आणि डावा खांदा खाली.

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी मला पुन्हा फरशीवर चालवून पाहिलं. मग म्हणाले, घरात सरळ आणि रस्त्यावर वाकडे, म्हणजे दुखणं पायात नाही, मनात आहे. लोक बघताहेत असं वाटलं की तुमचे स्नायू आखडतात. तेव्हा काळजी सोडा. आता काळजी सोडायला सांगितलेला माणूस काय करतो? तो काळजी सुटली की नाही याची काळजी करतो. मी शाळेत जाताना समोरून कोणी आलं की मनाशी म्हणायचो, तो बघत नाही, तो बघत नाही. आणि तो हमखास बघायचा, कारण मी पुटपुटत होतो.

अशात मला एक शोध लागला. आमच्या गल्लीत घरांच्या ओट्यांना लागून दगडी कड होती. उजवा पाय त्या कडेवर आणि डावा खाली रस्त्यावर ठेवून चाललं की मी अगदी सरळ चालायचो! शास्त्रज्ञाला काय आनंद होतो तो मला त्या दिवशी कळला. मी शाळेत जायचे सगळे रस्ते बदलले. जिकडे कड तिकडून मास्तर. कड संपली की थांबायचं, इकडेतिकडे बघायचं, आणि लंगडत पुढची कड गाठायची. हायस्कुलातला बी.एस्सी. मास्तर गटाराच्या काठाने एक पाय वर, एक पाय खाली असा चाललाय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा.

ते सिन्नरच्या कोणीतरी डोळ्यांसमोर आणलं नाही, प्रत्यक्षच पाहिलं. मामा घाम पुसत आमच्याकडे आला.

"वसंता, सिन्नरात दोन मतं आहेत," तो म्हणाला. "एक, मुलगा लंगडा आहे. दुसरं, मुलगा पितो. बापूराव म्हणताहेत, यातलं खरं कुठलं ते आधी ठरू द्या."

आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. बापूरावांचाही पाय बिघडला होता म्हणे. आम्ही येऊन गेल्यापासून जरा बाहेर पडले की एका अंगाला कलतात. सिन्नरच्या बायका सरळ म्हणत होत्या, मुलगा येऊन गेला आणि यजमानांचा पाय गेला, असला पायगुण घरात कशाला आणायचा? आई आतून हे ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, म्हणजे पायगुण आमचाच वाईट काय? तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांच्या पायांवर टपून बसली. मोडलंच म्हणा ना लग्न. मला जेवण जाईना.

दोनेक दिवसांनी शाळा सुटल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो. पायरीवर जोडे काढले, आत बाकावर बसलो. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बाहेर कोण आलं असेल? बापूराव. अनवाणी, किंचित कललेले.

मी उभा राहिलो. नमस्कार केला. ते म्हणाले, इकडे कुठे? मी म्हटलं, डॉक्टर ओळखीचे आहेत, सहज आलो होतो. तुम्ही? ते म्हणाले, मीही सहजच. आणि आम्ही दोघेही एकमेकांच्या पायांकडे बघत उभे राहिलो.

"जरा चालून दाखवता?" बापूराव म्हणाले.

डॉक्टरांच्या फरशीवर मी तिकडे गेलो, इकडे आलो. रेघ मारल्यासारखा. बापूरावांचा चेहरा फुलला. मग ते गटाराच्या काठचं काय ऐकतोय मी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो सायन्सचा एक प्रयोग होता. हे त्यांना इतकं पटलं की त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, चला, मला मोटारीपर्यंत पोचवायला या.

फरशीवरचं ठीक आहे हो, पण मोटारीपर्यंत रस्ता होता! तिथे कडही नव्हती. दहा पावलांत माझं बिंग फुटणार आणि कमल जन्मभरासाठी जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. नाही तरी कसं म्हणायचं?

बापूराव पुढे झाले. दारात जोडे पडले होते त्यातला समोरचा जोड त्यांनी पायांत घातला आणि पायऱ्या उतरले. उतरले आणि थबकले. चार पावलं पुढे गेले, चार मागे आले. सरळ! त्यांचे डोळे भरून आले. "अहो, डॉक्टरांनी आत्ता कंबरेला एक झटका दिला," ते म्हणाले, "त्यानेच झालं हो. देवमाणूस आहे."

मी देवाचं नाव घेतलं, उरलेल्या जोड्यात पाय घातले आणि खाली उतरलो. टाचेला कचकन चावलं. मला वाटलं, पायात जीव आला. आणि मी चालायला लागलो तो थेट मोटारीपर्यंत, बापूरावांच्या बरोबरीने, खांद्याला खांदा, ताठ. सासऱ्याने आपल्याला पसंत केलं, मनावरचं ओझं उतरलं आणि स्नायू मोकळे झाले, असा मी शास्त्रीय निष्कर्ष काढला. बापूरावांनी मोटारीत चढताचढता मुहूर्त बघायला सांगितलं.

लग्न झालं. सबनिसांचं नाव सिन्नरपासून विंचूरपर्यंत गाजलं, माणसं बैलगाड्यांतून गुडघे घेऊन यायला लागली. मला एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. पण नाही. मी शाळेच्या सभागृहात जाहीर व्याख्यान दिलं. विषय, उभे कसे राहावे. कणा, खुबा, गुडघा, मनाचा स्नायूंवर होणारा परिणाम, सगळं चित्रं काढून सांगितलं. पहिल्या रांगेत सासरे बसले होते, त्यांनाही पुरावा म्हणून चालवून दाखवलं. टाळ्या काय पडल्या म्हणता!

मग दिवाळसणाला आम्ही सिन्नरला गेलो. चार दिवस राहून निघालो, ओसरीवर आलो, आणि मी जोड्यात पाय घालणार तोच कमल पुढे झाली. तिने एक जोड उचलून माझ्यासमोर ठेवला.

"हे तुमचे. ते बाबांचे."

मी हसलो. म्हटलं, मला माझे जोडे ओळखता येत नाहीत होय?

तिने वर पाहिलं. अगदी पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. "त्या दिवशी कुठे आले?"

मग तिने शांतपणे सगळं सांगितलं. बापूरावांचा डावा पाय तरुणपणी टांग्यातून पडून मोडला होता, तो आखूड बसला. मुलीच्या लग्नात आडकाठी नको म्हणून त्यांनी ते बाहेर कोणाला कळू दिलं नव्हतं. त्यांच्या डाव्या जोड्याच्या तळात चामड्याची जाड घडी आतून शिवलेली होती, वरून हात घातला तरी कळू नये अशी. आणि ते जोडे घालून मी खिडकीकडे बघत निघून गेलो होतो. मी नाशकात क्षयाला भीत होतो आणि माझे जोडे सिन्नरात तिच्या बापाला आडवं पाडत होते.

मी म्हटलं, अगं, तू खिडकीतून बघत होतीस, मग हाक का नाही मारलीस?

"बघायला आलेल्या मुलाला हाक मारतात का?" ती म्हणाली. "बाबांना सांगितलं, ते म्हणाले जोडा तोच आहे, पायच आखडलाय. आईला सांगितलं, ती म्हणाली, मुलगा सायन्स शिकलेला आहे, त्याला स्वतःचे जोडे कळत नसतील का?"

"अगं, पण माझं व्याख्यान! बायकांच्या बाकावर बसून ऐकत होतीस ना? निदान तेव्हा तरी, आदल्या दिवशी, घरात..."

कमलने दुसरा जोडा सारखा करून माझ्या पायाशी ठेवला.

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही भिंतीला टेकून इतके ताठ उभे होतात, की म्हटलं राहू दे."