चढाला गाडीत बसलेला माणूस

आमच्याकडं चढाला गाडीत कुणी बसत न्हाई. नवी नवरीसुद्धा पायथ्याला उतरते, शालू वर खोचते आणि गाडीमागनं चालते. आणि मी, घरचा कर्ता, गाद्यांवर टेकून बसलो होतो. सुपारीच्या झाडावरनं पडून मोडलेला पाय प्लास्टरात. लाजेनं मान वर करवत नव्हती, म्हणून तोंड तेवढं चालवत होतो.

दिग्गीकडचं घर सोडून आम्ही रामनगरला लेकीच्या शेजारी राहायला निघालो होतो. पावसानं रस्त्यावरची मोरी वाहून नेली, त्यामुळं टेम्पो खिंडीपल्याड डांबरी रस्त्यालाच थांबलेला. तिथवर बैलगाडी. मेव्हणा पुढं कासरा धरून, बायको मागं. गाडी जरा चढली की ती चाकामागं दगड सरकवायची, बैल दम घ्यायचे, मग पुन्हा दगड काढायची. गाडी मागं घसरली असती तर पहिली तीच सापडली असती. आणि मी वरनं ओरडतोय, "डावीकडं लाव! अगं डावीकडं! डोळं हायत का न्हाईत?"

वरच्या वळणावर बैलांनी गुडघेच टेकले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, वजन कमी केल्याबिगर ह्ये व्हायचं न्हाई."

गाडीत खरं वजन दोन पोत्यांचं आणि माझं. पोत्यांत बियाण्याचं भात होतं. उतरवून ठेवलं तर राखणीला कुणीतरी थांबायला हवं, न्हाईतर गवे आणि डुकरं दाणा शिल्लक ठेवत न्हाईत. नव्या जागी पेरायला दुसरं काही नव्हतं.

"मलाच उतरवा की," मी म्हणालो. "बसायचंच तर हितं बसतो."

तोंडदेखलं म्हणालो, देवाशपथ. त्या वळणावर अस्वल फिरतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कायतरी बोलू नका," ती म्हणाली. "पळायची येळ आली तर काय करणार तुमी?"

भावाकडनं तिनं पोती झाडाच्या बुंध्याला लावून घेतली आणि कोयता मांडीवर घेऊन त्यांच्यावर बसली. गाडी हलली तसा माझ्या जिवात जीव आला. बायकोला जंगलात ठेवून जाताना जिवात जीव आला! थू माझ्या जिनगानीवर.

हलकी झालेली गाडी खिंड चढून गेली. टेम्पोवाल्यानं मला उचलून उतरवलं, टपरीवरचा चहा हातात दिला.

"बाई कुठं हायत?"

"येतायत मागनं," मी म्हणालो, जशी काय ती बाजारात रेंगाळली होती.

मेव्हणा गाडी वळवून परत गेला. मी वाटेकडं बघत बसलो. चहा निवला. झाडीत जरा खसफसलं की मान उंचावून बघायचो. तिला काय झालं तर लेकीला कुठलं तोंड दाखवू?

दिवस मावळायच्या आत बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पोती गाडीत, आणि ती मागनं चालत, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. वाटलं, चारचौघांत हात जोडावेत, चुकलं माझं म्हणावं.

"एवढा येळ का लावला?" मी खेकसलो.

टेम्पोवाला दुसरीकडं बघायला लागला. ती खाली वाकली, प्लास्टरवर उडालेला चिखल पदरानं पुसला आणि म्हणाली, "गाडीचे गचके बसून दुखला असंल न्हवं पाय?"