वाक्य टाकणारे आण्णा

माझं माहेर मला परत मिळालं ते पिक्चरआण्णांमुळे. काय घडलं ते पुढे सांगेनच, पण त्यांचं नाव आधी घेतलं पाहिजे. मी नववीत शाळा सोडलेली बाई. लिहिताना मला धाकधूक होते की मुद्द्याची गोष्टच राहून जाईल, म्हणून ती पहिल्यांदा लिहून टाकली.

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे पिक्चरआण्णा म्हणत. त्यांनी उमेदीत कितीतरी मराठी सिनेमांचे संवाद लिहिले होते. कॅमेरा लागलाय, नटी रंगून बसलीय आणि आण्णा बैलगाडीच्या सावलीत बसून सीन लिहितायत, असे ते दिवस. सिनेमा मुंबईला गेला, आण्णा कोल्हापुरातच राहिले आणि नाटकं लिहू लागले. त्यांची नाटकं टाईप करायचं काम माझ्याकडे होतं. मी ज्या टायपिंगच्या दुकानात कामाला आहे, तिथे ते रोज सकाळी चहा पिऊन येत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेलं खिशातून काढत आणि म्हणत, "हं, वऱ्हाडीण, घे. ह्यो नवरा मेला, ह्यो पळाला. बाकी सगळी सुखात हाईत."

मी पुसदकडची, म्हणजे वऱ्हाडातलीच. पण तसंही कोल्हापूरच्या माणसाला मिरजेच्या पलीकडे सगळं वऱ्हाडच.

आण्णांची एक खोड होती. नवीन वाक्य लिहिलं की ते आधी चालत्याबोलत्या माणसावर टाकायचं. त्या माणसाला पत्ता नसायचा. त्यानं मनापासून उत्तर दिलं तर वाक्य पास, नाहीतर नापास. पास झालं की आण्णा मान हलवत, दुसरं काही बोलत नसत. "माणूस जवर उत्तर देत न्हाय तवर ते वाक्य न्हाय, नुसती शाई," असं त्यांचं म्हणणं.

एकदा रिक्षात बसल्या बसल्या ते गंभीर आवाजात म्हणाले, "हे नगर आता माझ्या ओळखीचे उरले नाही." रिक्षावाला वळूनसुद्धा न बघता म्हणाला, "मग पावणं, मीटर टाकायच्या आधी उतरा की." वाक्य नापास. दुकानात येऊन त्यांनी ते स्वतः खोडलं आणि पोट धरून हसले.

दूधवाल्याची गंमत तर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आण्णांनी दारात उभं राहून त्याला विचारलं, "एवढी वर्षं विश्वास ठेवला, त्याचं हे फळ दिलंस?" तो बिचारा कॅन खाली ठेवून म्हणाला, "आण्णा, देवाशपथ, फक्त उन्हाळ्यात. म्हस आटती वो, मग वाईच पाणी घालावं लागतं." आण्णांनी मान हलवली. दूध मात्र त्याच्याकडूनच घेत राहिले. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, वैतागल्या तर म्हणाले, "अगं, इतकं खरं बोलणारा नट मला अख्ख्या कंपनीत मिळाला न्हाय."

माझ्यावर त्यांनी कधी वाक्य टाकलं नव्हतं. मी सगळं आधीच टाईप केलेलं असायचं, मला फसवणार कसं? पण माझं घरचं त्यांना ठाऊक होतं. मी जातीबाहेर लग्न करून सागरबरोबर निघून आले, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलले नव्हते. आई तर मी लहान असतानाच गेली. घराशेजारच्या किराणा दुकानाचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. कितीदा काढायचे आणि न लावताच ठेवून द्यायचे. बाबांनी "कोण बोलतंय?" असं विचारलं तर काय सांगायचं, ह्याचीच भीती वाटायची. आण्णांनी एकदा विचारलं तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "पुसदला आमचे प्रयोग झाल्यात. वळखीची माणसं हाईत तिकडं." बस्स, एवढंच.

मग एका सकाळी ते आले, पण बसले नाहीत. काउंटरवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "तुझा बाप रागात न्हाय, पोरी. रोज दारात खुर्ची टाकून बसतोय. बोलायचा न्हाय तो. पर वाट बघतोय."

माझे हात कीबोर्डवर तसेच थांबले. "खरंच?" मी विचारलं.

आण्णांनी मान हलवली. तेवढ्यात त्यांना फोन आला. कुठल्याशा मालिकेवाल्यांचा होता. ते बोलत बोलत रस्त्यावर गेले आणि तसेच पुढे निघून गेले.

त्यांचं नवं नाटक अजून माझ्याकडे टाईपला आलं नव्हतं, त्यात एक बाप होता हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, त्यांनी ओळखीतून चौकशी केली. मी मालकांना सांगून घरी गेले. सागर म्हणाला, "जा की. मी कवाच म्हणत हुतो." संध्याकाळच्या गाडीत मी बसले.

दुसऱ्या दिवशी पुसद जवळ आलं तेव्हा आण्णांचा फोन आला. ते नेहमीसारखे दुकानात गेले होते आणि मालकांनी त्यांना सांगितलं होतं.

"कुठं हायस गं?"

"आण्णा, पोचतेच आता. तुमचे किती उपकार झाले!"

पलीकडे नुसती कागदाची खरखर ऐकू आली. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "त्या किराणावाल्याचा नंबर दे बघू."

"कशाला?"

"नीट पोचलीस का न्हाय ते इचारायला. दे."

मी नंबर दिला. गावाच्या फाट्यावर उतरले, बॅग घेऊन चालत निघाले. घर दिसलं. दारात खुर्ची होती, लाल प्लास्टिकची. तिच्यावर बाबा बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखे. माझ्याकडे बघत राहिले. मी जवळ गेले, पाया पडले.

"ऊन किती तपून रायलं," ते म्हणाले. "आत ये ना."

खरं काय ते मला रात्री जेवताना कळलं. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "तुह्या त्या आण्णाचा फोन आलता किराण्यात." आण्णांनी त्यांना सांगितलं होतं, 'मी नाटकं लिहिणारा माणूस. मी एक वाक्य बोललो आणि तुमची पोरगी ते खरं धरून निघाली. चूक माझी हाय, तिची न्हाय. आता ते वाक्य खरं करायचं का खोटं, ते तुमच्या हातात. मला तिथं काय लिहिता येत न्हाय.'

"अन् खुर्ची?" मी विचारलं.

"आपल्या घरी कुठी हाय खुर्ची? किराण्यातून आणली." बाबांनी भाकरी मोडली. "म्हातारा म्हणे, खुर्ची पाहिजेच. म्या म्हटलं, बसतो बापा." मग अर्धी माझ्या ताटात ठेवून म्हणाले, "मले बी कोणी तरी सांगालेच पाहिजे होतं."

मी कोल्हापूरला परतले तेव्हा आण्णा दुकानात आले, पण नजरेला नजर देईनात. त्यांनी नाटकातलं ते वाक्य काढून टाकलं होतं. दिग्दर्शक दुकानात येऊन भांडला, "आण्णा, अख्ख्या नाटकात तेवढं एकच वाक्य बरं हाय!"

"म्हणूनशान काढलं," आण्णा म्हणाले. "वापरलंय ते एका जागी. पुन्हा वापरायचं न्हाय."

प्रयोगात त्या जागी बाप नुसता उभा राहतो, काही बोलत नाही. नाटक चाललं नाही फारसं. मला ते सारखं लागून राहिलं. आण्णांना विचारलं तर म्हणाले, "त्यापेक्षा चांगला प्रयोग पुसदला झाला की."

काकू गेल्यावर त्यांची मुलगी त्यांना बंगळूरला घेऊन गेली. निघताना गल्ली गोळा झाली होती. दूधवाला डोळे पुसत होता, तर त्याला म्हणाले, "रडू नको, पाणी वाढंल." आता कधी मी फोन करते, कधी ते करतात. नजर कमी झालीय, पण डोकं चालू आहे. मागच्या आठवड्यात म्हणाले, "वऱ्हाडीण, हितं वाक्य टाकू कुणावर? लिफ्टमधी समदी इंग्रजीत गप बसत्यात."

मी हसले, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ काम सुचलं नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग जाऊ ना आपण." बाबांनी पुसदच्या पलीकडचं काही पाहिलेलं नाही, आणि मला नव्या गावाच्या नावानंच घाम फुटतो. तरी मी त्यांना बंगळूरला नेणार आहे. आण्णांच्या समोर बसवणार आहे. आण्णा काय वाटेल ते बोलू देत, बाबा उत्तर देतील, अगदी मनापासून, आणि ते सगळं मी लिहून घेईन. आण्णा, हे मी करणार आहे. ह्याला वाक्य समजू नका.