टाळूवरचा कोळसा

ओमानमधल्या बरकाच्या मासळी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानावर एक खोली आहे. आमच्या मराठी मंडळाच्या बैठका तिथे होतात. त्या हिवाळ्यात ती पुण्याहून आलेल्या एका संशोधक बाईंना दिली होती. त्या 'ळ'चा अभ्यास करत होत्या. परदेशात राहणारी वेगवेगळ्या भागांतली मराठी माणसं हा आवाज काढताना जीभ नेमकी कुठे टेकवतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेला म्हणून मंडळाचं वार्तापत्र माझ्याकडे होतं. त्यामुळे बोलणारी माणसं मिळवून देण्याचं कामही माझ्याकडे आलं.

पद्धत जुनी आहे आणि किळसवाणी आहे. ऑलिव्हच्या तेलात कोळशाची पूड कालवून तो लगदा ब्रशने जिभेवर फासतात. माणसाने एक शब्द एकदाच उच्चारायचा आणि लगेच आ करून थांबायचं. गिळायचं नाही, ओठ मिटायचे नाहीत. मग गरम पाण्यात बुडवून काढलेला आरसा तोंडात घालतात. थंड आरशावर श्वासाची वाफ धरते, म्हणून. जीभ जिथे टेकली तिथे टाळूवर काळा ठसा उमटलेला असतो. त्याचा फोटो काढायचा, माणसाने चूळ भरायची, की पुढचा शब्द. हनुवटीवरून काळी लाळ ओघळते. बादलीत थुंकलेलं तेल पाण्यावर डोळे करून तरंगतं. खिडकीतून शिरलेला मासळीचा वास एसी खोलीतच फिरवत राही. एक ड्रायव्हर दुसऱ्याच शब्दाला ओकला. रुस्ताकहून आलेला एक दुकानदार स्वतःचा फोटो पाहून म्हणाला, "हे माझं तोंड? झाका हो ते." बाई मात्र हे सगळं निवांतपणे पाहत. त्यांना लाळ दिसत नसे, ठसा दिसे.

शेवटी आचारी आला. रायगडच्या किनाऱ्यावरचा, पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ. कामगारांना जेवण पुरवणाऱ्या एका किचनमध्ये तो कामाला होता. त्याच्या बोलण्यात 'ळ' नव्हताच; केळी म्हणजे केली, डोळा म्हणजे डोला. बाईंना असाच माणूस हवा होता. पण तो खुर्चीत बसला आणि तोंड उघडेना.

"दादा, फोटूत थोबाड दिसंल का माजं?" त्याने मला विचारलं.

"का?"

"हिरड्या काल्या हायत. मशेरी लावतो सकाली. साहेबानं एकदा धरलंय. परत दिसली तर व्हिसा कॅन्सल, बोलला. धाकटीचं कॉलेज चालू हाय अजून."

साहेब म्हणजे त्याच्या किचनचा सुपरवायझर, मूळचा साताऱ्याचा आणि आमच्या मंडळाच्या समितीवरचा. त्याचा नियम चूक नव्हता. भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांना चोळलेलं बोट पिठात जावं, असं कुणालाच वाटणार नाही. त्या हिरड्या मी नंतर पाहिल्या. आरशात त्या जळक्या तव्याच्या कडेसारख्या दिसत होत्या.

"काका, चेहरा येणार नाही, नाव येणार नाही," बाई म्हणाल्या. "फक्त टाळू आणि वरचे दात. तोंडाच्या आतून कोण कुणाला ओळखतं?"

"डेंटिस वलखंल."

"मग डेंटिस्टला आमंत्रण नाही."

तो हसला आणि त्याने आ केला. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. थोडे शब्द झाल्यावर रात्रीच्या स्वयंपाकाला जायचं म्हणून तो उठला. बाकीचे शब्द नंतर घ्यायचे ठरले.

त्याआधी भाषा दिनाचा कार्यक्रम आला. मंडळाने बाईंना बोलायला सांगितलं आणि जेवण आचाऱ्याच्या किचनकडून मागवलं. मटण आणि तांदळाची भाकरी घेऊन तो स्वतः आला होता. हॉलच्या मागच्या बाजूला पातेली मांडत होता. सुपरवायझर पहिल्या रांगेत होता, मी त्याच्या मागे.

पडद्यावर पहिलं तोंड आलं, भिंतीएवढं. हॉलभर "ई" उमटलं. मुलं आपसात इंग्रजीत किळस व्यक्त करू लागली. एक बाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "जेवणाआधी हे कशाला दाखवायचं?" त्यावर लोक हसले. हे शुद्ध 'ळ'वाल्याचं तोंड होतं. मग तुलनेसाठी दुसरं आलं. काळ्या हिरड्या, अर्धा दात. तेलकट काळा ठसा दातांच्या मागे होता आणि काळेपणा दातांच्या वरही होता. पाहणाऱ्याला सगळा कोळसाच वाटला असता. बाई इथे थांबल्या असत्या तर काही झालं नसतं. पण त्या त्यांच्या कामात काटेकोर होत्या. लेझरचा ठिपका हिरड्यांवर नेऊन त्या म्हणाल्या, "हा भाग आपला नाही. ही मशेरी आहे, रोजच्या सवयीची. ती वगळून ठसा पाहा."

सुपरवायझर शेजाऱ्याकडे वळला. "हा दात मी रोज बघतो," तो म्हणाला.

मला वाटलं, तो आता उठेल. तो उठला नाही. भाषण संपल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या आणि रांगेत ताट घेऊन उभा राहिला. त्याने मटण घेतलं, पुन्हा घेतलं, रस्सा भाकरीच्या तुकड्याने पुसून खाल्ला. मग दाताला काडी लावून तो पातेल्यांपाशी गेला.

"जेवलात का साहेब?" आचाऱ्याने विचारलं.

"जेवलो. मस्त होतं." काडीने दाढेतला तंतू काढून त्याने तो बोटावर पाहिला आणि टेबलक्लॉथला पुसला. "उद्यापासून किचनमध्ये यायचं नाही. तुला सांगितलं होतं. हायजिनचा प्रश्न आहे."

"कोन बोललं?"

"पडद्यावर होतं सगळं. खलास."

पातेलं अर्धं भरलेलं होतं आणि रांगेत लोक उभे होते. आचारी वाढत राहिला. बाई घाईने आल्या आणि माझ्याशी बोलल्या, त्याच्याशी नाही. त्यांना फार वाईट वाटत होतं. त्यांनी नाव घेतलं नव्हतं, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ते खरंच होतं. माझ्या हातातलं ताट मी न खाता कचऱ्यात रिकामं केलं. त्याचं कारण मशेरी नव्हतं.

कॅन्सलचे कागद लवकर झाले. तो जाण्याच्या आदल्या दिवशी बाईंचा मला मेसेज आला: फोटो काढून टाकले आहेत, पण राहिलेले शब्द त्याने निदान फोनवर म्हटले तर फार मदत होईल, तसा आवाज दुसरा मिळालेला नाही. मी त्याच्या खोलीवर जाऊन निरोप वाचून दाखवला. तो बॅगेला दोरी बांधत होता.

"बायला सांगा," तो म्हणाला, "बाकीचे शब्द आमच्या साहेबाकडनं घे. त्याचं तोंड साफ हाय."

मी निरोप जसाच्या तसा पाठवला.