गाव एक शरीर

ऐंशीच्या दशकात मी मंडणगडच्या डोंगरातल्या माझ्याच गावी शाळामास्तर होतो. रत्नागिरीच्या कॉलेजातून येताना डोक्यात पुस्तकं भरून आणली होती. त्यातली एक कल्पना माझी फार लाडकी: समाज हे एक शरीर आहे, प्रत्येक अवयवाचं आपापलं काम आहे, त्यात वरचा-खालचा कुणी नाही. गावच्या सत्यनारायणाला मी त्यावर लांबलचक भाषण केलं. टाळ्या पडल्या. वाटलं, आपण गावाला समता शिकवली.

पुढच्याच महिन्यात शिमगा. पालखीपुढे ढोल वाजवणं हे पूर्वापार बौद्धवाडीच्या गळ्यात पडलेलं काम. धर्म बदलल्यावरही म्हातारे भिडेखातर वाजवत राहिले होते. त्या वर्षी तरुणांनी नकार कळवला आणि देवळासमोर गावकीची बैठक बसली. वाडीतर्फे बोलायला माझा मित्र आला होता. तालुक्याच्या कचेरीत कारकून. कॉलेजात आम्ही एकाच खोलीत राहायचो, एका स्टोव्हवर भात शिजवायचो.

"मग ढोल कोण वाजवणार? चाकरमान्यांचा टेपरेकॉर्डर?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

गावप्रमुख हसले नाहीत. "देवाचं काम करायचं नाय, तर गावच्या विहिरीवर पण यायचं नाय."

वाडीची स्वतःची विहीर शिमग्यानंतर आटते, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं.

"ह्यात आमचं काय चुकलं?" गावप्रमुख माझ्याकडे वळले. "गुर्जीच बोलले ना, गाव म्हणजे एक शरीर. हातानं काम सोडलं तर त्याला घास कुठला?"

माना डोलल्या. माझेच शब्द होते, फक्त त्यांना आता धार आली होती.

एरवी मला अरेतुरे करणारा मित्र उठून उभा राहिला. "गुरुजी, हात कोण आणि डोकं कोण, हे ठरवलं कुणी? तेवढं सांगा."

उत्तर मला माहीत होतं. माझं चुकलं, ते भाषण मी मागे घेतो, एवढंच म्हणायचं होतं. पण गावप्रमुखांच्या शेजारी माझे वडील बसले होते, आणि ते माझ्याकडे रोखून बघत होते.

"माझं बोलणं तात्त्विक होतं," मी म्हणालो. "गावच्या व्यवहारात मी पडत नाही."

"ऐकलंत? गुर्जींची हरकत नाय," गावप्रमुख म्हणाले.

मित्रानं चपला पायात घातल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

त्या उन्हाळ्यात वाडीतल्या बायका पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या, कोरड्या पात्रात खड्डे खणून, वाटीवाटीनं पाणी हंड्यात भरत. त्यांची वाट शाळेवरून जायची. मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवत असे, आणि हंड्यांचा आवाज जवळ आला की खिडकी लावून घेत असे. वाडीची मुलंही त्याच वर्गात बसत. एवढ्या उकाड्यात गुरुजी खिडकी का लावतात, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही.