मेला दोरा, मेली सुई, मेलं बटण

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या तोंडात एक शब्द कायमचा मुक्कामाला होता. दोरा तुटला की मेला दोरा, सुई हरवली की मेली सुई, बटण घरंगळून कपाटाखाली गेलं की मेलं बटण. त्यात राग असायचाच असं नाही. नवी कात्री मनापासून आवडली तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "काय धार आहे मेलीला." नवऱ्यालाही दिवसभर मेला म्हणत. तो खरोखर गेल्यावर मात्र त्याच्याबद्दल तो शब्द त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. पुढच्या खोलीत मशीन, मागे राहणं, आणि जेवायला एकटीच. म्हणून मावशी उन्हाळ्याची वाट शाळकरी पोरांपेक्षा जास्त पाहत. गावातली एक शाळा उन्हाळ्यात परदेशातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना भाषा शिकायला बोलवायची. सकाळी वर्ग, मग एकेका घरी राहून जमेल तसं बोलायचं. मावशींकडे दरवर्षी एक मूल यायचं आणि घरात पुन्हा दुसरं ताट मांडलं जायचं.

गेल्या उन्हाळ्यात माशी शिंकली. मावशींकडच्या मुलाने निरोप समारंभात मुख्याध्यापकांना अगदी प्रेमाने सांगितलं, "सरक मेल्या तिकडे, फोटो काढू." मुख्याध्यापक सरकले, पण विसरले नाहीत. यंदा कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या बाई स्वतः मावशींच्या घरी आल्या.

"मावशी, तुमचं घर चांगलं, माया चांगली. तोंड तेवढं आवरा. या वेळी काही कानावर आलं, तर पुढच्या वर्षी मूल मिळणार नाही."

 मावशींनी तिथेच कानाला खडा लावला.

मग आली ती मुलगी. उंच, चष्मेवाली, आणि नाव असं की मावशींची जीभ दोन-तीनदा अडखळली आणि त्यांनी नाद सोडला. मावशी तिला पाहुणी म्हणू लागल्या. चुकूनही काही निसटू नये म्हणून त्या कोवळ्या पोरीला अहो-जाहो. "या, बसा. पाणी घेता का?" एखादी विमा विकायला आलेली बाई असावी तसं.

पाहुणीशी बोलताना मावशी शब्द मोजून मापून वापरत. पण सुई-दोऱ्याशी कोण मोजून मापून बोलतं? पँटची चेन बदलताना हात गुंतले की तोंडाचा पट्टा सुरू. पाहुणी शेजारी स्टुलावर बसून जुने टाके उसवायची, बटणं लावायची आणि कान देऊन ऐकायची. मावशींना वाटायचं, हिला काय कळतंय.

एके दिवशी बाईंचा फोन आला. आता काय कानावर गेलं, असं म्हणत मावशींनी तो उचलला. पण बाई खुशीत होत्या.

"अहो, केलंत तरी काय? बाकीच्या मुलांना तो, ती, ते काही जमेना. तो खिडकी आणि ती दार चाललंय. तुमच्या मुलीची एकही चूक नाही. आधी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटते आणि मग लिहिते."

"काय पुटपुटते?" मावशींनी जीव मुठीत धरून विचारलं.

"ऐकू नाही आलं हो."

मावशींना कळायचं ते कळलं. संध्याकाळी त्यांनी पाहुणीला समोर बसवलं.

"हे बघा, तो शब्द शाळेत नका हं म्हणू."

"कोणता?"

"तो हो. दोऱ्याच्या आधीचा."

पाहुणीने विचार केला. "दोऱ्याच्या आधी सुई."

मावशींनी हात टेकले.

निरोपाच्या दिवशी प्रत्येक मुलाने भाषण करायचं होतं. पाहुणी उठली तशी दुसऱ्या रांगेतल्या मावशींचा जीव टांगणीला लागला.

"मी मावशीकडे राहिले," पाहुणी म्हणाली. "मावशीच्या घरात सगळे मेले आहेत."

 मागून कुणीतरी हळहळलं.

"दोरा मेला आहे. सुई मेली आहे. शेजारचा बोका रोज दूध पितो, तोही मेला आहे. कात्री तर फारच मेली आहे, कारण ती मावशीची लाडकी आहे."

मागच्या रांगांमधून हसू फुटलं. बाईंनी वळून मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान खाली घातली. त्यांना पुढच्या उन्हाळ्यातलं एकच ताट दिसायला लागलं.

"फक्त मी मेली नाही." पाहुणीचा आवाज बारीक झाला. "मी टाके उसवले, बटणं लावली. तरी मावशी मला तुम्ही म्हणते. पोस्टमनलाही तुम्ही म्हणते. मी अजून पाहुणीच आहे."

आता कुणी हसलं नाही. मावशींना फार वाईट वाटलं. पोरीला लांब ठेवायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं, आणि नेमकं तेच झालं होतं.

बाहेर विमानतळावर जाणारी बस उभी होती. दाराशी बाई. पाहुणी निरोप घ्यायला मावशींसमोर आली आणि शिकवल्यासारखं म्हणाली, "येते मी. तुम्ही काळजी घ्या."

मावशींनी बाईंकडे पाहिलं. हाताच्या अंतरावर उभ्या होत्या, सगळं ऐकू जाणार होतं. मग त्यांनी पाहुणीकडे पाहिलं.

"इकडे ये मेले," त्या म्हणाल्या. "जॅकेट उघडं टाकून कुठे चाललीस? विमानात गार वारं लागेल." आणि त्यांनी तिची बटणं गळ्यापर्यंत लावली. पाहुणीने त्यांना अशी घट्ट मिठी मारली की चष्मा वाकडा झाला.

बसमध्ये चढताना तिने ड्रायव्हरला हसत सांगितलं, "मी मेली."

ड्रायव्हर घाबरून बाईंकडे बघायला लागला.

"काही नाही झालेलं तिला," बाई म्हणाल्या. "घरची झाली." मग मावशींकडे वळून, "आणि तुम्ही पुढच्या उन्हाळ्याला खोली झाडून ठेवा. मुख्याध्यापकांना मी बघते."

बस वळणावर दिसेनाशी झाली तरी मावशी तिथेच उभ्या होत्या. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. तिच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले.

"ऊन बघा ना मेलं," त्या बाईंना म्हणाल्या, "डोळ्यांत जातंय."