वास्कारचा चेंडू आणि एलिहिओ मास्तर

एलिहिओ मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. उभा जन्म त्यांनी साखर कारखान्याच्या रुळांवर काढला, उसाच्या वाघिणी जोडायच्या नि सोडायच्या. मास्तर झाले ते संध्याकाळचे, कारखान्यामागच्या माळावर. आमच्या वस्तीत ज्याला म्हणून दोन हात होते, असं प्रत्येक पोरगं बेसबॉल शिकायला त्यांच्या हाताखालून गेलं. त्यातली बरीचशी पुढं कारखान्यातच लागली, काही मोटारसायकलवर भाड्यानं सवाऱ्या नेतात. अमेरिकेत पोचला तो एकटा वास्कार, फिदेलियाबाईचा लेक, आमच्या बोलीत डोन्या फिदेलियाचा.

माळ म्हणजे नुसता खडक. कितीही दगड वेचा, एक पाऊस झाला की नवे उगवल्यासारखे वर यायचे. त्या दगडावर आपटून एकदा चेंडू असा उसळला की बासिलिओचा डावा डोळा घेऊन गेला. बासिलिओ तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. त्या दिवसापासून मास्तरांनी शिकवायची रीत बदलली. सरपटता चेंडू पायाशी आला की हात खाली आणि तोंड खांद्याकडं वळवायचं. "चेंडू गेला तर दुसरा मिळंल," म्हणायचे, "डोळा कुठनं आणायचा?" पोरं तसंच शिकली. त्यानंतर माळावर कुणाचा डोळा गेला नाही, हेही खरं.

बासिलिओनं पुढं दुकान टाकलं. तांदूळ, तेल, सुकी मासळी, बर्फागत गार बियर, आणि भिंतीवर टीव्ही. वास्कार मोठ्या संघात गेल्यापासून त्या टीव्हीसमोरची वेताची खुर्ची मास्तरांची झाली. एकदा मुलाखतीत वास्कार बोलून गेला, "मला जे येतं ते एलिहिओ मास्तरांचं." झालं. तेव्हापासून मास्तर वास्कारच्या संघाची टोपी घालूनच झोपतात, असं त्यांची बायको रोसेंदा सांगायची. दुकानात त्यांच्या बियरचे पैसे कुणी ना कुणी देऊन टाकायचं.

गेल्या वर्षी वास्कारनं आठ वर्षांचा करार केला आणि वस्तीला बोलायला काम मिळालं. आकडा एवढा मोठा होता की तो बोलायलाच दम लागायचा. मोटारसायकलवाला तुलिओ त्यात सगळ्यात पुढं. तो मूळचा लांबच्या बाराओना गावाकडचा, इथं लग्न करून आलेला, आणि त्याला कुणाचंच बरं बघवत नाही.

"ह्यानं नुसतं नाक शिंकरलं तरी तेवढ्यात माझं घर बांधून होतंय," तो म्हणायचा. "आणि बॅट बघा. डास मारतोय का खेळतोय?"

"बॅटचं सोड," मास्तर म्हणायचे. "शॉर्टस्टॉप हाय त्यो, मधी उभा राहून चेंडू अडवायचं काम त्याचं. त्याचा पैसा हाताचा असतोय. हात बघ त्याचे. तेल वतल्यागत चालत्यात."

"मग तेलाचे पैसे द्या म्हणावं. एवढे कशाला?"

पोर्फिरिओ न्हावी डोमिनोची सोंगटी आपटत म्हणायचा, "तुल्या, तुला कुणी देत न्हाई म्हणून पोटात दुखतंय."

"दुखतंयच की. मी कुठं न्हाई म्हणतो?"

असं सबंध उन्हाळाभर चाललं. मग ऑक्टोबर आला. वास्कारचा संघ जिंकत जिंकत अशा जागी आला की त्या दुपारी हरला तर घरी आणि जिंकला तर थेट अंतिम फेरीत. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी रोज दुपारी वीज जाते. त्या दिवशी नेमकी गेली नाही.

शेवटचा डाव. वास्कारचा संघ एका धावेनं पुढं. समोरच्यांचे दोन गडी बाद, दोघं बेसवर उभे. एवढा एक गडी टिपला की संपलं. बॅटवाल्यानं चेंडू मारला तो सरपटत सरळ वास्कारकडं. असले चेंडू तो झोपेत उचलतो. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले, टाळी वाजवायला हात वर. चेंडू शेवटच्या टप्प्याला जरासा उसळला, आणि वास्कारचं तोंड खांद्याकडं गेलं. चेंडू ग्लोव्हच्या खालून मागच्या गवतात. बेसवरचे दोघं पळत आले, दोन धावा झाल्या, सामना गेला. मोसम संपला.

टीव्हीवाल्यांनी तो चेंडू पुन्हा दाखवला, मग सावकाश, मग एकदम जवळून. वास्कारचे डोळे घट्ट मिटलेले. तिथंच त्यांनी चित्र थांबवून धरलं. समालोचक म्हणाला, ही लहानपणीची खोड दिसते, कुणीतरी लावलेली.

"डोळं मिटलं की रं त्यानं," तुलिओ म्हणाला. "एवढ्या पैशात उघडं ठेवायला परवडत न्हवतं व्हय?" मग तो मास्तरांकडं वळला. "मास्तर, तुम्हीच घडवलाय म्हणता ना त्याला? मग ह्ये बी तुम्हीच घडवलं का?"

विचारलं ते सरळच होतं. सरळ उत्तरही होतं. बासिलिओ फ्रीजमधून बाटली काढत होता, तो तसाच थांबला. पोर्फिरिओनं खाली बघितलं. माळावर खेळलेल्या प्रत्येकाला ते उत्तर माहीत होतं, आणि सगळे मास्तरांच्या तोंडाकडं बघत होते.

"मी?" मास्तर म्हणाले. "माझ्याकडं हुता तवा छातीवर चेंडू झेलायचा त्यो. तिकडं जाऊन लोणी झालंय त्याचं. गार हवेत बसायचं, मऊ गादीवर लोळायचं. एवढा पैसा मिळाल्यावर थोबाड फोडून घ्यायला कोण तयार हुतंय? भ्यालं पोरगं."

कुणीतरी हसलं. तेवढ्यानं मास्तरांना चेव आला. ते उठले, पाय फाकवून उभे राहिले, डोळे मिटले, तोंड फिरवलं आणि खुराड्यात अंडं चाचपावं तसे दोन्ही हात गुडघ्यांमधून फिरवू लागले. "घावतंय का? न्हाई घावत. कोंबडी कुठं गेली?"

दुकान हसण्यानं फुटलं. तुलिओ तर खांबाला धरून हसत होता. सगळे हसलो. हरल्याचं जे दुखत होतं, त्याला तेवढीच वाट मिळाली.

मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा दारात डोन्या फिदेलिया उभी होती. लेकाचा सामना ती कधी दुकानात बघत नाही, घरात टीव्हीकडं पाठ करून बसते. ती किती वेळ उभी होती कुणाला ठाऊक. हसणं हळूहळू विझलं.

"बासिलिओ, एक मेणबत्ती दे," ती म्हणाली. मेणबत्ती घेतली आणि गेली. मेणबत्तीसाठी ती आलीच नव्हती, हे रोसेंदानं मागाहून सांगितलं. मास्तरांनी पोराला फोन करावा, चार शब्द बोलावेत, एवढं सांगायला ती आधी त्यांच्या घरी जाऊन आली होती.

थोड्या वेळानं टीव्हीवर वास्कार दिसला. तोंड धुतलेलं, केस ओले. समोर माइकच माइक. एकानं विचारलंच, असं तोंड वळवायला कुणी शिकवलं? वास्कार म्हणाला, "कुणी नाही. मला शिकवणाऱ्यानं बरोबरच शिकवलं होतं. चूक माझी."

बासिलिओनं टीव्ही बंद केला. आपल्या एका डोळ्यानं त्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांची बाटली अर्धी राहिली होती. ती तशीच ठेवून ते टोपी चुरगाळत घरी गेले.

मोसम संपला की वास्कार घरी येतो. आला की आईचा आशीर्वाद घेतो आणि तिथून सरळ मास्तरांच्या दारात. या वेळी तो येणार कळल्यावर मास्तर आतो मायोर गावी आपल्या बहिणीकडं निघून गेले. म्हणे तिच्या झाडांचे एवोकॅडो उतरवायचे आहेत. वास्कार दोनदा येऊन गेला. रोसेंदानं दोन्ही वेळा काहीबाही सांगितलं. पण बहिणीच्या घरी माणूस किती दिवस राहणार? मास्तर परत आले त्याच सकाळी तो दारात उभा.

"आशीर्वाद, मास्तर."

आमच्याकडं याला उत्तर ठरलेलं असतं. थोरल्यानं लगेच 'देव तुझं भलं करो' म्हणायचं, भांडण असलं तरी म्हणायचं. मास्तर नुसते टोपी नीट करत राहिले. शेवटी आतून रोसेंदाच म्हणाली.

"चला माळावर," वास्कार म्हणाला. "ही सवय तुम्ही लावली, आता तुम्हीच मोडा. तिकडच्या शिकवणाऱ्यांनी मोडली असं मलाबी वाटलं हुतं. न्हाई मोडली." बोलण्यात राग नव्हता. घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलला. मास्तरांना ते जास्त लागलं असणार.

वास्कार माळावर आलाय म्हटल्यावर वस्ती गोळा झाली. मास्तरांनी बॅट घेतली आणि हळू चेंडू मारू लागले, इतके हळू की शाळेतल्या पोरानंही उचलावेत.

"जोरात मारा."

"दगड हायत पोरा."

"दगडासाठीच तर आलोय."

मास्तरांनी जरा जोर लावला. चेंडू उसळला, वास्कारचं तोंड वळलं. पुन्हा मारला, पुन्हा वळलं. तेवढ्यात तुलिओनं मोटारसायकलवरून हाक दिली, "काय मास्तर, आज तरी अंडं घावलं का त्याला?"

दोघंतिघं हसले. लोक हसताहेत म्हणून वास्कारही हसला. "कसलं अंडं?" त्यानं विचारलं.

तुलिओनं मोटारसायकलच्या आरशात तोंड घातलं. वास्कार सगळ्यांकडं बघत बघत मास्तरांकडं आला. मास्तरांनी बॅट जमिनीला टेकली.

"मी केली हुती नक्कल," ते म्हणाले. "तुझी. बासिलिओच्या दुकानात, त्या दुपारी. मला इचारलं, ह्ये तुम्ही शिकवलं का? मी म्हटलं, न्हाई. पैशानं भित्रा झालाय म्हटलं. मग नक्कल करून दावली. हसली समदी."

वास्कारनं विचारलं, "आई हुती तिथं?"

"दारात."

"मी तिला इचारलं हुतं," वास्कार म्हणाला. "मास्तरांचा फोन कसा न्हाई आला? ती म्हणाली, मास्तरांना ताप हाय, बोलवत न्हाई त्यांना. मी तिकडनं औषधं आणलीत तुमच्यासाठी."

मास्तरांची मान इतकी खाली गेली की टोपीशिवाय काही दिसेना.

वास्कार मागं फिरला, आपल्या जागेवर जाऊन वाकला आणि ग्लोव्ह जमिनीला लावला. "मारा."

"न्हाई मारवत."

"मारा, मास्तर."

मास्तरांनी मारला. भीतीपोटी का लाजेपोटी कोण जाणे, तो सगळ्यात जोराचा गेला. दगडावर बसला आणि उसळला. वास्कारनं तोंड वळवलं नाही. चेंडू हनुवटीवर लागून छातीवर पडला, तिथं त्यानं तो दाबून धरला. ओठ फुटला होता. मास्तर बॅट टाकून, खिशातला रुमाल काढत धावले. निम्म्या वाटेवर वास्कारनं हात वर करून त्यांना थांबवलं. चेंडू सावकाश, अदबीनं, त्यांच्या पायाशी टाकला.

"तिथनंच मारा," तो म्हणाला.

मास्तर चेंडू उचलून मागं फिरले. रुमाल हातातच होता. आमच्याकडं बघायची त्यांची छाती झाली नाही, आणि आम्हालाही त्यांच्याकडं बघवलं नाही. त्या दुपारी दुकानात आम्हीही हसलो होतो.